गुप्तरोग, नोंदवही आणि गोळीची किंमत

परप्रांती आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी मंडळींकडून मला जी पत्रे येतात, त्यांत औषधांविषयीचे प्रश्न बरेच असतात. मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड यांच्या गोळ्यांविषयी लोक मोकळेपणाने, नावगाव देऊन विचारतात. एका दुखण्याविषयीचे पत्र मात्र बहुधा "माझ्या एका मित्रासाठी विचारतो आहे" अशा वाक्याने सुरू होते. ते दुखणे म्हणजे हर्पिस. प्रश्न दोनच असतात. गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागली तर परवडेल कशी, हा पहिला. माझे नाव कुठे कुठे नोंदले जाईल, हा दुसरा. तो क्वचितच उघडपणे लिहिलेला असतो, पण पत्राच्या ओळींमधून दिसतो. या दोन्ही प्रश्नांना प्रशासनाचा दीर्घ इतिहास आहे आणि त्या इतिहासाचे बरेच धागे बंगळूर शहरातून जातात. त्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. आपल्याकडे हर्पिस म्हटले की 'नागीण' आठवते. कमरेभोवती किंवा छातीवर एका बाजूने पट्ट्यासारखे फोड उठतात, आणि नागिणीचे तोंड व शेपटी जुळली की माणूस दगावतो अशी समजूत खेड्यांत अजूनही आढळते. तो आजार कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो; त्याचे नाव हर्पिस झॉस्टर. येथे ज्याच्याविषयी लिहितो आहे तो त्याचाच भाऊबंद, हर्पिस सिम्प्लेक्स. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यामुळे बहुधा ओठांच्या कडेला फोड येतात, दुसऱ्यामुळे बहुधा जननेंद्रियांवर. पण ही वाटणी काटेकोर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० या वर्षासाठीच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये पहिला प्रकार, आणि १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये दुसरा प्रकार असतो. अर्थात हा मूठभर बदफैली माणसांचा आजार नव्हे. बहुतेकांना तो आपल्याला आहे हे ठाऊकही नसते.

हा विषाणू एकदा शरीरात शिरला की मज्जातंतूंच्या गाठींमध्ये ठाण मांडून बसतो आणि अधूनमधून डोके वर काढतो. औषधाने तो मरत नाही. त्याची वाढ रोखली जाते, एवढेच. म्हणून औषध दोन रीतींनी दिले जाते. फोड आले की पाच-सात दिवसांचा क्रम, ही एक रीत. ज्यांना वर्षातून अनेकदा त्रास होतो, किंवा ज्यांच्या जोडीदाराला संसर्गापासून जपायचे असते, त्यांच्यासाठी रोज नेमाने गोळी, ही दुसरी. असायक्लोव्हिर हे जुने औषध या दुसऱ्या रीतीत सामान्यतः ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असे दिले जाते. म्हणजे वर्षाला ७३० गोळ्या. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गाठ दुसऱ्या एका आकड्याशी पडणार आहे.

आता नोंदवहीविषयी. बंगळूरची छावणी १८०९ मध्ये वसली. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याला परत दिले, तेव्हाही हा छावणीचा भाग इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवला, आणि तो म्हैसूरकडे परत आला तो थेट जुलै १९४७ मध्ये. जेथे गोरी पलटण तेथे गुप्तरोगांची चिंता, हा त्या काळच्या लष्करी प्रशासनाचा नियमच होता. मद्रास इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून 'लॉक हॉस्पिटल' नावाची इस्पितळे निघाली. हे नाव लंडनच्या १७४७ मधील एका इस्पितळावरून आले, कुलपावरून नव्हे. पण येथील कारभार पाहता कुलपाचा अर्थच लोकांना खरा वाटला असेल. १८६४ च्या छावणी कायद्याने आणि पुढे १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने या पद्धतीला पक्का आधार मिळाला. वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नावे नोंदवहीत चढवायची, त्यांना तिकीट द्यायचे, ठरावीक दिवशी तपासणीस बोलवायचे, आणि रोग आढळला तर बरी होईपर्यंत कोंडून ठेवायचे. शिपायाची नोंद नाही, तिकीट नाही. मद्रास इलाख्यातील लॉक इस्पितळांचे वार्षिक अहवाल छापले जात आणि त्यांत बंगळूरचेही नाव असे.

असे अहवाल वाचताना एक गोष्ट मला नेहमी जाणवते. त्यांची भाषा विलक्षण नीटनेटकी असते. नोंदणी किती, गैरहजर किती, दंड किती जणींना, हे सारे रकाने भरलेले. मात्र ज्यांची नावे त्या वहीत होती त्यांना काय वाटत होते, हा रकाना नाही. ज्या स्त्रिया नोंदणी चुकवत त्यांना अहवालात 'अवज्ञा करणाऱ्या' म्हटलेले असते. प्रशासनात आयुष्य काढलेल्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटते. रकाना भरला की काम झाले, ही वृत्ती इंग्रजांबरोबर गेली असे मी म्हणणार नाही.

या व्यवस्थेने रोग हटला नाही. स्त्रिया नोंदणी टाळत, आजार लपवत, छावणीच्या हद्दीबाहेर जात. इंग्लंडात जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कायद्यांविरुद्ध जी चळवळ उभारली तिच्या रेट्याखाली जून १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेने ठराव केला आणि हिंदुस्थानातील कायदाही त्याच वर्षी रद्द झाला. छावण्यांमध्ये तो वेगवेगळ्या नियमांच्या रूपाने पुढेही रेंगाळला, तो भाग वेगळा.

येथे एक वळण आहे जे मराठी वाचकांना विशेष रोचक वाटेल. १९१३ मध्ये इंग्लंडात गुप्तरोगांविषयी एक शाही आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते लॉर्ड सिडनहॅम. हे सिडनहॅम म्हणजे सर जॉर्ज क्लार्क; १९०७ ते १९१३ या काळातील मुंबईचे गव्हर्नर. लोकमान्य टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला त्यांच्याच कारकिर्दीतला, आणि मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. टिळकांना मंडालेला धाडणाऱ्या सरकारचा हा प्रमुख मायदेशी जाऊन गुप्तरोगांच्या बाबतीत मात्र बराच उदार निष्कर्ष काढतो. आयोगाचा अहवाल १९१६ मध्ये आला. जुन्या सक्तीच्या कायद्यांकडे परत जायचे नाही हे आयोगाला आधीच बजावलेले होते. उपचार फुकट असावा, गुप्त असावा आणि सर्वांना खुला असावा, या दिशेने त्याच्या शिफारशी गेल्या. त्याच वर्षी तसे नियम झाले, आणि खर्चाचा तीन चतुर्थांश भाग मध्यवर्ती तिजोरीने उचलला. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, भोंदू वैद्यांना या रोगांवर उपचार करण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास मज्जाव करणारा कायदा आला.

आज लंडनला किंवा बर्मिंगहॅमला राहणारा एखादा मराठी तरुण तेथील लैंगिक आरोग्य केंद्रात जातो, आणि व्हिसा कोणता हे न पाहता या रोगांची तपासणी व उपचार विनामूल्य होतात, याचे मूळ त्या १९१६ च्या नियमांत आहे. मुंबईच्या माजी गव्हर्नराच्या आयोगातून निघालेली ही व्यवस्था तेव्हा हिंदुस्थानभर लागू झाली नाही. आपल्याकडे भोंदूंच्या जाहिरातींवर बंदी आली ती १९५४ मध्ये, औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने. त्याच्या अनुसूचीत गुप्तरोगांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही रेल्वेने मुंबईहून कोठेही निघा, रुळांकडेच्या भिंतींवर चुन्याने रंगवलेली 'गुप्तरोग' ही अक्षरे वर्षानुवर्षे कोणी पाहिली नाहीत? बंदी आली, पण बंदीची जागा भरून काढणारी, नाव न विचारता औषध देणारी सरकारी खिडकी दीर्घकाळ आली नाही. लोक भिंतीवरचा पत्ता का शोधत, याचे उत्तर मला यातच दिसते.

किमतीचा इतिहास याहून सुखद आहे. स्वातंत्र्यानंतर पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिलेला हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना पेनिसिलिन बनवू लागला, आणि ज्या उपदंशासाठी एकेकाळी स्त्रियांना कोंडून ठेवत, तो सुईच्या एका-दोन टोचण्यांनी बरा होऊ लागला. पण पेनिसिलिन जीवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. हर्पिसवर उपयुक्त आणि पोटात घेण्यास निर्धोक असे औषध मिळण्यास आणखी पाव शतक जावे लागले. बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात असायक्लोव्हिरचा अभ्यास केला. निरोगी पेशींना फारसा धक्का न लावता विषाणूने ग्रासलेल्या पेशीतच जागे होणारे हे औषध होते. एलियनबाईंना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती, हे जाता जाता सांगतो.

आता हे औषध भारतात किती किमतीला मिळाले असते, याचा विचार करा. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे १९११ चा एकस्व कायदा होता. त्यात औषधाच्या पदार्थावरच मक्तेदारी मिळे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची चौकशी सुरू केली. जगात औषधे सर्वांत महाग असलेल्या देशांत भारताची गणना होते, असे त्या समितीला आढळले. गरीब देश आणि महाग औषध! याच सुमारास न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी भारत सरकारला एकस्व कायद्यावरचा आपला अहवाल सादर केला, वर्ष १९५९. अन्न आणि औषधे यांच्या बाबतीत पदार्थावर मक्ता देऊ नये, तो बनवण्याच्या कृतीवरच द्यावा, हा त्याचा गाभा. अहवालाचे कायद्यात रूपांतर होण्यास अकरा वर्षे लागली, आणि १९७० चा कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो एप्रिल १९७२ मध्ये. औषधाच्या कृतीवरील मक्त्याची मुदतही पाच ते सात वर्षांवर आणली गेली.

सरकारी कामात तेरा वर्षे हा काळ फार मोठा नव्हे असे कोणी विनोदाने म्हणेल. मला मात्र त्या विलंबापेक्षा त्या अहवालाचे टिकणे अधिक महत्त्वाचे वाटते. मंत्री बदलले, लोकसभा बदलल्या, परदेशी कंपन्यांचा विरोध झाला, तरी त्या फाईलमधील मूळ कल्पना बाहेर काढून फेकून देण्यात आली नाही. असायक्लोव्हिर जगात आले तेव्हा भारतीय कंपन्यांना दुसऱ्या कृतीने ते बनवण्याची मोकळीक होती. सिप्ला, टोरेंट, एफडीसी अशा कंपन्यांनी ते आपापल्या नावांनी बाजारात आणले. अमेरिकेत त्याचा मक्ता १९९७ मध्ये संपला.

त्यानंतरचे औषध व्हॅलासायक्लोव्हिर. हे असायक्लोव्हिरचेच एक रूप. व्हॅलिन नावाच्या अमिनो आम्लाची जोड दिलेले. जुने औषध पोटात घेतले तर त्याचा जेमतेम १५ ते २० टक्के भाग रक्तात उतरतो, नव्याचा निम्म्याहून थोडा अधिक. म्हणून रोज एकच गोळी पुरते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडप्यांपैकी बाधित व्यक्तीने रोज ५०० मिलिग्रॅम घेतल्यास जोडीदाराला संसर्ग होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळले. अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली १९९५ मध्ये, पण तेथे त्याची स्वस्त आवृत्ती आली ती २००९ च्या अखेरीस, आणि ती आणणारी पहिली कंपनी होती आपली रॅनबॅक्सी. अमेरिकेतील ज्या मराठी कुटुंबांनी तोवर सुट्टीत भारतात आले की वर्षाच्या गोळ्या बांधून नेल्या, त्यांना मी दोष देऊ शकत नाही. औषधांच्या पदार्थावरचा मक्ता आपल्याकडे २००५ च्या दुरुस्तीने परत आला, परंतु तो १९९५ पूर्वीच्या शोधांना लागू नव्हता. शिवाय त्याच दुरुस्तीत कलम ३(ड) घालून, जुन्या पदार्थाचे नुसते क्षार किंवा एस्टर बनवून नवा मक्ता मागता येणार नाही, गुणकारितेत लक्षणीय फरक दाखवावा लागेल, अशी अट ठेवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस खटल्यात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला.

बंगळूरशी येथेही संबंध आहे. पिंपरीच्या कारखान्याने कर्नाटक राज्याच्या औद्योगिक गुंतवणूक व विकास महामंडळाबरोबर भागीदारी करून १९८१ मध्ये बंगळूरला कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स ही कंपनी काढली. पुढे पिंपरीची आई आजारी पडली आणि पीण्याची लेक बरी चालली. जनऔषधी योजनेचे पहिले दुकान २००८ मध्ये अमृतसरला उघडले, आणि २०२५ पर्यंत देशात अशी पंधरा हजारांहून अधिक दुकाने झाली. दुसरीकडे असायक्लोव्हिर आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. त्यामुळे २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार त्याची कमाल किंमत सरकार ठरवते. बाजारात एक टक्का किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेल्या उत्पादनांच्या किमतींची सरासरी, अधिक दुकानदाराचे १६ टक्के, असे ते गणित आहे. पूर्वी उत्पादनखर्चावरून किंमत काढत. ते सोडून बाजारभावाची सरासरी धरणे मला आजही पटलेले नाही; महाग विकणाऱ्यांच्याच किमती त्या सरासरीत मोजल्या जातात. तरीही वर्षाच्या ७३० गोळ्यांचा खर्च आज काही हजार रुपयांच्या घरात राहतो, लाखांच्या नव्हे, ही अय्यंगार यांच्या अहवालाचीच पुण्याई.

मग अडते कोठे? अडते सरकारी खिडकीवर. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून लैंगिक आजारांसाठी जी केंद्रे चालतात, त्यांना 'सुरक्षा क्लिनिक' म्हणतात. येथे लक्षणांवरून उपचार ठरतो आणि औषधे रंगीत संचांतून मिळतात. हर्पिसच्या फोडांसाठी पाचव्या क्रमांकाचा लाल संच आहे. त्यात असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅमच्या २१ गोळ्या. दिवसाला तीन, सात दिवस. योजना चांगली आहे, तालुक्याच्या रुग्णालयातही चालू शकेल इतकी सोपी आहे. पण तिची रचना येऊन जाणाऱ्या आजारासाठी झाली. ज्याला २१ नव्हे, ७३० हव्यात, त्याच्यासाठी त्या संचात काही नाही. त्याने पुन्हा पुन्हा रांगेत उभे राहावे, प्रत्येक वेळी केसपेपर काढावा, आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी सांगावे. मी जिल्ह्यात काम करत असताना एका रुग्णालयात औषध भांडाराची तपासणी केली होती. संचांचा साठा आणि वाटप यांचा मेळ बिनचूक होता. एकच रुग्ण किती वेळा आला, हे त्या वहीवरून काढता येत नव्हते. मधुमेहाच्या रुग्णाला आपण महिन्याच्या गोळ्या एकदम देतो, त्याचे कार्ड ठेवतो, मग याला का नाही, असे मी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "साहेब, कार्ड दिले तर तो ते घरी कुठे ठेवील?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि कोणत्याही परिपत्रकातही नव्हते.

मे २०२५ मध्ये कर्नाटक शासनाने सरकारी रुग्णालयांच्या आवारातील जनऔषधी केंद्रे बंद करण्याचा आदेश काढला. रुग्णालयात औषध मोफत मिळत असताना आवारात विकत कशासाठी, हे कारण. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. धोरण म्हणून या युक्तिवादात तथ्य नाही असे नव्हे. पण मोफत औषधाची मर्यादा जेथे २१ गोळ्यांवर संपते, तेथे पुढच्या गोळ्यांसाठी आवारातले स्वस्त दुकानच उपयोगी पडते, आणि त्या दुकानात नाव कोणी विचारत नाही. बंगळूरला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मुलामुलींना कन्नड येत नसले तरी चिठ्ठीवर 'असायक्लोव्हिर' हे मूळ नाव लिहून घेतले तर अडचण येत नाही. गोपनीयतेच्या बाबतीत मात्र कायदा तोकडा आहे. एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र अधिनियम आहे, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि त्यात माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन सविस्तर आहे. हर्पिसच्या रुग्णाला असे काही नाही. त्याच्या पाठीशी आहे ती डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेतील गुप्ततेची अट.

राहिला परदेशस्थांचा प्रश्न. इंग्लंडमध्ये लैंगिक आरोग्य केंद्रातील उपचार विनामूल्य असतो. नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर इंग्लंडात औषधामागे शुल्क पडते, २०२४ मध्ये ते ९.९० पौंड होते; स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तेही नाही. अमेरिकेत आता दोन्ही औषधांच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. कंपनीच्या विम्यात नाव जाऊ नये म्हणून लोक विमा बाजूला ठेवून रोख पैसे देतात, आणि जुन्या औषधाच्या बाबतीत ते बहुधा परवडते. दुकानादुकानांत किमतीचा फरक मात्र पुष्कळ असतो, म्हणून चार ठिकाणी विचारावे. भारतातून टपालाने गोळ्या मागवणे टाळावे. तेथील अन्न व औषध प्रशासन स्वतःपुरत्या, साधारण तीन महिन्यांपर्यंतच्या साठ्याकडे काणाडोळा करते, पण तो काणाडोळा आहे, हक्क नव्हे. स्वतः नेत असल्यास मूळ वेष्टनात, हातातल्या सामानात, आणि औषधाचे मूळ नाव व मात्रा लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी जवळ ठेवून न्यावे. आखाती देशांत जाणाऱ्यांनी तर चिठ्ठीशिवाय निघूच नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते, आणि रोजची गोळी चालू ठेवायची की नाही याचा फेरविचार डॉक्टरांबरोबर वर्षातून एकदा करायचा असतो. चिठ्ठीवर रोगाचे नाव असण्याची आवश्यकता सहसा नसते. "माझ्या एका मित्रासाठी" विचारणाऱ्या बहुतेकांना खरे तर एवढेच हवे असते.